खालच्या मजल्याचं स्थळ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काहीही संबंध नाही त्यांना तर विशेष करून, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात घर भाड्याने देण्याची एकच शास्त्रोक्त पद्धत अस्तित्वात आहे. ती ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका निवृत्त फार्मासिस्टने शोधून काढली. तिला जाड पोहे लागतात, कांदे लागतात, सढळ हाताने शेंगदाणे लागतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट लागतो, आणि हे सगळं चालू असताना कपाळाला हात न लावणारी बायको लागते. घरमालकांनी, एजंटांनी आणि सरकारने याची नोंद घ्यावी. न घेतल्यास होणाऱ्या परिणामांना फोडणी जबाबदार राहणार नाही.

ही परीक्षा पास होऊन त्या घरात राहिलेली मी पहिली विद्यार्थिनी. आता माझी पन्नाशी जवळ आली आहे, हॉस्पिटलात नव्या नर्सेस मला घाबरतात, त्यामुळे हे सगळं सांगायचा अधिकार मला आहे असं मी मानते. नसला तरी सांगणार आहे.

त्यांना सगळे काका म्हणत, त्यांच्या बायकोला अर्थातच काकू. माउंट रॉस्किलला काकांचं औषधांचं छोटं दुकान होतं. वय झाल्यावर त्यांनी दुकान विकलं, पण बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापणारं मशीन मात्र घरी आणलं, आणि मग घरातली एकही वस्तू त्यातून सुटली नाही. बाथरूमच्या खिडकीवर लेबल: 'आंघोळीनंतर उघडणे. थंडी वाजली तरी उघडणे.' हीट पंपावर: 'गरजेपुरताच घ्यावा. सवय लागू शकते.' फिजोआच्या, म्हणजे इथल्या पेरूसारख्या हिरव्या फळाच्या, दिवसांत परसातल्या झाडाखाली फळांचा खच पडायचा. त्या दिवसांत इथे फिजोआ कुणी विकत घेत नाही, लोक एकमेकांच्या दारात पिशव्या ठेवून पळ काढतात. काकांची पिशवी दारात आली की तिच्यावर लेबल असायचंच: 'रोज जेवणानंतर चार. बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करावा.'

दिसायला काका दोन भागांत होते. वरचा भाग दुकानातला: पांढरा शर्ट, खिशाला पेन, चष्म्याला दोरी. खालचा भाग न्यूझीलंडचा: हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे अंगठ्यात अडकवायच्या रबरी सपाता. थंडीत पाय गारठत म्हणून जँडल्सच्या आत लोकरी मोजे, आणि त्या मोज्यांना काकूंनी अंगठ्यापाशी टाके घालून बैलाच्या खुरासारखे दोन भाग करून दिलेले. या वेशात ते बँकेतसुद्धा जात. काकू कमी बोलत. काकांची दहा वाक्यं झाली की काकूंचं एक यायचं, आणि ती दहाही वाक्यं गुपचूप खाली बसायची.

त्यांना दोन मुलगे. एक टौरंगाला किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये मोठ्या हुद्द्यावर, दुसरा मेलबर्नला. मुलगी नाही. ती हौस त्यांनी घराच्या खालच्या मजल्यावर भागवली. वर ते दोघं राहत, खाली दोन खोल्यांचं स्वतंत्र बिऱ्हाड होतं, वेगळ्या दाराचं, आणि काका त्याचा उल्लेख 'ती' असाच करत. "तिला या उन्हाळ्यात रंग द्यायचाय." "तिच्या पडद्यांचं बघायला हवं." भाडेकरू निघून गेला की ते आठवडाभर उदास असत आणि फोनवर मुलाला सांगत, "आली रे परत घरी."

आता कळलं असेल की पोहे कशासाठी. काका घर दाखवत नसत. घर बघण्याचा कार्यक्रम करत.

रविवारी सकाळी अकराची वेळ द्यायची. त्याआधी खालचा मजला झाडून, पुसून, खिडकीत फुलं ठेवून सजवायचा. इंटरनेटवरच्या जाहिरातीत एकच फोटो, तोही बाजूने काढलेला, पडदा अर्धा ओढून. बाकीच्या खोल्यांचे फोटो टाका म्हटलं तर काका दुखावत. "घरातली गोष्ट आहे," म्हणत, "अशी चव्हाट्यावर मांडायची?" आलेल्या माणसाला आधी वर बसवायचं. पाणी, मग पोहे, मग चहा, आणि चौकशी: गाव कुठलं, घरी कोण कोण, आई काय करते. पोहे खाताना माणूस खोटं बोलत नाही, हा काकांचा सिद्धांत होता. मग सगळ्यांनी खाली जायचं आणि काका उंबऱ्यात उभं राहून तिचे दोष स्वतःच्या तोंडाने सांगायचे. दक्षिणेकडच्या भिंतीला हिवाळ्यात ओल धरते. बाथरूमचा दरवाजा खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. आम्ही काही लपवणार नाही, नंतर बोल लावू नका. शेवटी पुन्हा वर येऊन घसा खाकरून म्हणायचं, "विचार करून कळवतो." आणि खरोखरच चार दिवस विचार करायचा.

मी आले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. चिंचवडहून येऊन दोन आठवडे झाले होते, टोस्टवर दिवस काढत होते. मी तीन बशा पोहे खाल्ले आणि चौथीकडे बघितलं. काकांनी माझ्या वडिलांचा नंबर मागितला. चार दिवसांनी त्यांनी चिंचवडला फोन लावून, अजिबात प्रस्तावना न करता, सांगितलं की तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे.

माझे वडील खुर्चीत बसले असं आई सांगते. मग सावरून त्यांनी विचारलं, "पण मुलगा काय करतो?"

"मुलगा कसला," काका म्हणाले, "खालचा मजला आहे."

नापास झालेल्यांच्या गोष्टी काका रंगवून सांगत. एकाने पाणी प्यायच्या आधी वायफायचा वेग विचारला. एक जोडपं पोह्यांतले शेंगदाणे बशीच्या कडेला वेचून ठेवत होतं, त्यांची पोह्यांसकट गच्छंती. एका तरुण नवराबायकोला घर इतकं आवडलं की मागितल्यापेक्षा जास्त भाडं देऊ म्हणाले. काका ताठ झाले. "माफ करा," म्हणाले, "आम्ही हुंडा घेत नाही." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि मग बिचाऱ्यांना अर्धा तास हुंडा म्हणजे काय ते समजावलं.

या सगळ्यात खालचा मजला वरचेवर रिकामा राही हे सांगायला नको.

याच्या अगदी उलट आमचे अल्बनीकर. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण अल्बनीला मोठं नवं घर बांधून राहिल्यापासून मंडळात सगळे त्यांना असंच म्हणत. त्यांची चार घरं भाड्याने दिलेली. गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि एकदा लागला की थांबायला तयार नाही. भाड्याची घरं तपासायला जात तेव्हा ते नमस्कारही न करता सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओव्हनचं दार उघडत आणि आत डोकं घालत. माणूस ओव्हनवरून ओळखावा, असं त्यांचं मत. आणि सरकारी मदत घेणाऱ्याला घर द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. काका-अल्बनीकरांची मैत्री जुनी होती आणि ती वादावरच जगत होती.

तर एका हिवाळ्यात, खालचा मजला दोन महिने रिकामा असताना, एका बाईंचा फोन आला. मी तोवर दुसरीकडे राहायला गेले होते, पण काकांकडे येणंजाणं चालूच होतं, आणि काका फोन नेहमी स्पीकरवर टाकत, त्यामुळे मी आणि काकू श्रोत्या. बाईंनी पहिल्याच दमात सांगून टाकलं की त्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करतात, भाड्याचा काही भाग सरकारी मदतीतून येईल, आणि ते चालणार नसेल तर आत्ताच सांगा, पेट्रोल तरी वाचेल. आवाजात ना राग ना विनंती. बसचा नंबर सांगावा तसं.

मग काकांनी चौकशी आरंभली आणि बाकीचं कळलं. सात वर्षांची नात त्यांच्याजवळच असते. आधीचं घर मालकाने विकल्यापासून दोघी एका मोटेलच्या खोलीत आहेत, आणि तिथली मुदतही संपत आली आहे. नातीची शाळा हिल्सबरोलाच, आमच्या चढाच्या वरती. दोन बस बदलून तिला आणतात. शाळेत तिला मैत्रिणी आहेत, आणि आता कुठे ती वर्गात बोलायला लागली आहे. घर लांब मिळालं तर शाळा सोडावी लागेल.

काका म्हणाले, रविवारी अकराला या. आणि नेहमीचं वाक्य जोडलं: "ब्रिंग युअर पीपल." हे ते प्रत्येकाला सांगत. आजवर कुणीही कुणाला घेऊन आलं नव्हतं. फार तर नवरा बायकोला आणी.

मग बाईंनी विचारलं, "म्हणजे किती माणसं?"

"असतील तितकी," काका म्हणाले.

ही बातमी अल्बनीकरांपर्यंत कशी पोचली ते मी सांगणार नाही, कारण मीच पोचवली होती. वादाशिवाय शनिवार सुना जातो. ते दुपारी आले, जॅकेटही न काढता बसले आणि काकांना समजवायला लागले. बाई चांगल्या असतील, नाही कोण म्हणतंय, पण सरकारी मदत आज आहे, उद्या नियम बदलला तर? अर्धवेळचं काम गेलं तर? भाडं थकलं तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत महिने जातात, आणि घराची दशा होते ती वेगळीच. माझा एक ओव्हन गेलाय, असं ते म्हणाले, घरातलं माणूस गेल्यासारखं. शेगडीखाली काय काय जळालं होतं ते त्यांनी सांगितलं. काकूंनी शांतपणे विचारलं की तो भाडेकरू सरकारी मदतीवर होता का.

अल्बनीकरांनी जॅकेटची चेन खाली ओढली. "नाही. बँकेत होता."

काकूंनी मटार सोलणं पुढे चालू ठेवलं.

मग काका उभे राहिले. उभं राहिल्याशिवाय त्यांना महत्त्वाचं बोलता येत नसे. "साहेब, माझ्या दुकानात जी बाटली विकली गेली, तिच्यातले बहुतेक पैसे सरकारने भरले. गिऱ्हाईक काउंटरवर थोडंसं ठेवायचं, बाकी सरकार. तीस वर्षं माझं घर त्यावर चाललं. औषध कमी लागू पडलं का कुणाला? आणि सरकारने माझे पैसे एकदा तरी बुडवले का?"

"औषध वेगळं, घर वेगळं," अल्बनीकर म्हणाले.

"तुम्हा नवराबायकोला पेन्शन कोण देतं हो?" काकूंनी अल्बनीकरांना विचारलं. "दर पंधरवड्याला येतं ते? मग तुम्हालाही कुणी घर द्यायला नको."

यावर अल्बनीकरांनी शेवटचं शस्त्र काढलं. बरं, बोलवा त्यांना, पोहेही द्या. पण तोंडावर नाही म्हणू नका. मदत घेते म्हणून नकार देणं इथल्या कायद्यात बसत नाही, तुम्ही अडकाल. सगळे करतात तेच करा. हसून 'वुई विल लेट यू नो' म्हणा आणि सोडून द्या. ते लोक समजतात.

काकांना हे कळलंच नाही. ते म्हणाले, "पण मी तर सगळ्यांनाच विचार करून कळवतो म्हणतो. आणि कळवतो."

रविवारी काकांनी मला साडेदहालाच बोलावून घेतलं होतं, आपल्या बाजूने माणसं हवीत म्हणून. अल्बनीकरही आले, माझ्या मते फक्त ओव्हनची बाजू मांडायला. आम्ही चौघं खिडकीत उभे. अकराला एक पांढरी व्हॅन चढावरून वर आली, मागून एक जुनी गाडी. दोन्हींतून माणसं उतरत राहिली. साठीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई त्याच, ते लगेच कळलं. नात त्यांना नॅन म्हणत होती, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांच्या दोन बहिणी, एक भाचा, त्याची बायको, हातातली पोरं, आणि सर्वांत शेवटी काठी टेकत एक उंच, पांढऱ्या मिशांचे म्हातारे, कोट घालून. एकूण मंडळी आमच्या दुप्पट. सगळे गाडीरस्त्यावर गोळा झाले आणि तिथेच थांबले. आत येईनात.

काका खिडकीला नाक लावून बघत होते. त्यांचा आवाज बदलला. "अगं," ते मला म्हणाले, "बोलावल्याशिवाय येणार नाहीत ही मंडळी. रीत आहे यांना."

काकू पदर खोचून दारात गेल्या आणि त्यांनी खड्या आवाजात हाक दिली, "या हो, या, आत या." तिकडून नॅनच्या थोरल्या बहिणीने तितक्याच खड्या, लांब आवाजात माओरीत उत्तर दिलं, आणि मंडळी हळूहळू चालत आली. दारात सगळ्यांनी न सांगता चपला काढल्या. काकू विरघळल्या त्या तिथेच. मग त्यांचा नमस्कार, किया ओरा, किया ओरा, नाकाला नाक, कपाळाला कपाळ. अल्बनीकरांनी हात पुढे केला होता. त्या हातासकट म्हाताऱ्यांनी त्यांना जवळ ओढलं. बराच वेळ सोडलं नाही.

म्हातारे कोण, हे काकांनी लगेच विचारून घेतलं. नॅनच्या आईचे धाकटे भाऊ निघाले. "म्हणजे मामा," काका आमच्याकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "मामा आलेत."

बैठक समोरासमोर बसली. एकीकडे ते, एकीकडे आम्ही चौघं, मध्ये टीपॉयवर पोह्यांच्या झाकलेल्या बशा. मामा काठीवर जोर देऊन उठले आणि माओरीत बोलायला लागले. सावकाश, जणू समोर शेकडो माणसं बसली आहेत. मग तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं. हा तिचा डोंगर. ही तिची नदी. ही तिची माणसं, हे तिचे पूर्वज. ही आमची पोर आहे. ती कष्टाची आहे, आणि ती एकटी नाही, हे सांगायला आम्ही आलो आहोत.

काकांनी माझा दंड धरला होता. "अगं, कुळ सांगतायत," ते कुजबुजले. "गाव, नदी, सगळं रीतसर. तीस-चाळीस स्थळं आली या घराला, पण असं कुणी आलं नव्हतं."

माझ्या अनुभवावरून सांगते, माओरी माणसं महत्त्वाच्या कामाला आपली माणसं घेऊनच जातात. नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा जातात, आणि कुणीतरी उठून त्यांच्यासाठी शब्द टाकतं. नॅननी 'ब्रिंग युअर पीपल' ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, या माणसाला आपली रीत माहीत आहे. काकांना वाटलं, या बाईंना आपली. दोघांचीही चूक होती आणि दोघंही बरोबर होते.

काका उत्तराला उठले. मोजे जँडल्सविना जरा विचित्र दिसत होते. माझा डोंगर पांडवगड, ते म्हणाले, माझी नदी कृष्णा, माझं गाव वाई. मामांनी भुवया उंचावल्या. आमच्याकडे वाई म्हणजे पाणी, ते म्हणाले. मग बरोबर आहे, काका म्हणाले, घाटावरच घर होतं.

मग मामांची सगळी मंडळी उभी राहिली आणि त्यांच्या भाषणाला जोड म्हणून गायली. दोन पट्ट्यांत, कुणीही कुणाकडे न बघता. खिडकीची काच थरथरली असं मला वाटलं. गाणं संपलं, मंडळी बसली आणि आमच्याकडे बघत राहिली.

आता आमची पाळी होती. चार महाराष्ट्रीय माणसांना एकत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत येणारी गोष्ट कोणती? काकूंनी टाळी धरली. भर हिवाळ्यात, गणपतीला अजून अवकाश असताना, हिल्सबरोच्या बैठकीच्या खोलीत आम्ही आरती म्हटली. पहिल्या ओळीला अल्बनीकर संकोचून गप्प होते. दुसऱ्या ओळीला त्यांच्याने राहवेना. मग त्यांनी ती अशी उचलली की पोरंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, आणि एक संपल्यावर ते दुसरीत शिरले, तिसरीत शिरताना काकूंनी त्यांची बाही ओढली. मामांनी विचारलं, हे कशासाठी गायचं. संकटं टळावीत म्हणून, काकांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ एकेकदा.

पोहे संपले. दुसऱ्यांदा केले, तेही संपले. मामांनी मिरची मागून घेतली. आणि मग काकूंच्या घरात आजवर घडलं नव्हतं असं काहीतरी घडलं. कुणी काही बोलायच्या आत ती सगळी मंडळी उठली, बशा गोळा करून स्वयंपाकघरात गेली, काकूंना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, आणि कामाला लागली. जेवलं की पाहुण्यांनी भांडी घासायची, गात गात, ही त्यांची रीत. भाचा घासतोय, त्याची बायको पुसतेय, पोरं चमचे वाळवतायत, एक बहीण ओटा घासतेय. दुसरीला काही काम उरलं नाही, तेव्हा तिने इकडेतिकडे बघितलं आणि ओव्हनचं दार उघडलं. पोह्यांचा ओव्हनशी काही संबंध नसतो हे तिला कोण सांगणार? तिने जाळ्या बाहेर काढून लख्ख केल्या.

अल्बनीकर दारात उभे होते. ती बाजूला झाल्यावर ते पुढे गेले, वाकले, ओव्हनमध्ये डोकं घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढेनात. बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. वाफ असेल.

मग सगळे खाली गेलो. काकांनी उंबऱ्यात उभं राहून दोष सांगितले. दक्षिणेकडच्या भिंतीचं नॅननी नीट ऐकून घेतलं, भिंतीवर तळवा ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "माझे गुडघेही असेच आहेत. हिवाळ्यात कुरकुरतात, पण काम देतात." काकांनी इतक्या प्रेमाने कुणाकडे पाहिलेलं मी बघितलं नव्हतं. नात आतल्या छोट्या खोलीत गेली होती. खिडकीखालच्या जागेत ती आडवी पडून बघत होती, पलंग मावेल का ते. तिथूनच तिने विचारलं, "नॅन, हे आपलं आहे का?"

"श्श," नॅन म्हणाल्या. "अजून विचारायचं नाही."

वर आलो. सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले, आणि काकांनी घसा खाकरला. पोहे झाले, चौकशी झाली, दोष सांगून झाले. रीतीप्रमाणे आता उरलं होतं एकच वाक्य, आणि काका रीत मोडणाऱ्यांतले नव्हते. हात जोडून, मनापासून हसून ते म्हणाले, "वुई विल थिंक, अँड वुई विल लेट यू नो."

मी नॅनकडे बघत होते. काही बदललं नाही चेहऱ्यावर. हसूसुद्धा तसंच राहिलं. फक्त त्यांनी मांडीवरची पर्स उचलून बंद केली. हे वाक्य त्यांनी किती दारांत ऐकलं असेल, आणि त्याचा अर्थ काय असतो, ते अल्बनीकरांनी आदल्याच दिवशी आम्हाला समजावलं होतं. मामांनी काठी शोधायला सुरुवात केली. "स्वीट ऍज," भाचा म्हणाला, म्हणजे 'काही हरकत नाही', पण त्यात काही गोड नव्हतं. नात न सांगता दाराकडे गेली आणि बूट घालायला लागली, सराव असल्यासारखी. काका आपले प्रसन्नपणे हसत उभे, चार दिवस विचार करायला मिळणार म्हणून.

तेवढ्यात अल्बनीकर उभे राहिले. होय, तेच. तोंड लाल, आवाज आरतीचा. नॅनकडे बोट करून त्यांनी इंग्रजीत जाहीर केलं की यांना कळवायचं तेव्हा कळवू देत, माझं माउंट रॉस्किलचं घर या महिन्यात रिकामं होतंय, तिथून शाळेला एकाच बसने जाता येतं, आत्ताच्या आत्ता दाखवतो, चला.

यावर काका जे बोलले ते मला सगळ्यात शेवटी ठेवायचं आहे, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. काका-काकू आता टौरंगाला मुलाजवळ असतात, आणि फिजोआच्या पिशव्या कुरिअरने येतात, लेबलासकट. हिल्सबरोचं घर त्यांचंच आहे. दक्षिणेकडच्या भिंतीला नॅनच्या भाच्याने आतून नवं अस्तर लावलं, तिची ओल गेली. खिडकीवरचं लेबल आता माओरीतही आहे. नात चढाच्या वरच्या शाळेतून मोठ्या शाळेत गेली, आणि वर्गात इतकं बोलते की तक्रारी येतात. अल्बनीकरांनी नियम बदलला असं ते कबूल करत नाहीत, पण त्यांच्या दोन घरांत सरकारी मदतवाले भाडेकरू आहेत, आणि ओव्हन, म्हणे, बरे आहेत. आणि मागच्या महिन्यात वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, तेव्हा बघायला आलेल्या मंडळींची बैठक नॅननी घेतली. पोहे त्यांनीच केले. शेंगदाणे जरा जास्त पडले होते, बाकी काही बोलायला जागा नव्हती.

तर त्या रविवारी, अल्बनीकर उभे, नॅन पर्स घट्ट धरून बसलेल्या, नात एका पायात बूट घालून थांबलेली, आणि काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात चार दिवसांच्या आत कुणाला काही कळवलं नव्हतं, ते चष्म्याची दोरी उडवत, मराठीत, सगळ्या हिल्सबरोला ऐकू जाईल असे ओरडले:

"बसा हो खाली! हे स्थळ माझ्या मुलीला आलंय!"